डिंकताईंचं कपाट

शाळेत आम्ही सगळ्यांना आवाजावरून ओळखायचो. त्यांना मात्र वासावरून. जिन्याखालच्या खोलीत त्या पुस्तकं बांधायच्या, आणि डिंक, खळ, नवा पुठ्ठा असा एक मिसळलेला वास त्यांच्या साडीला कायमचा चिकटला होता. त्या व्हरांड्यातून गेल्या की वर्गात कुणीतरी हळूच म्हणायचं, "डिंकताई गेल्या." गणिताचे सर नवीन होते तेव्हा त्यांना वाटलं, ही मुलं अंधूक का होईना पण बघतात आणि आपल्याला फसवतात.

आमची शाळा दृष्टिहीन मुलांची. ब्रेलची पुस्तकं म्हणजे काय प्रकरण असतं ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. खिशात मावेल अशा गोष्टीच्या पुस्तकाचे ब्रेलमध्ये चार जाडजूड खंड होतात. शे-दोनशे बोटं त्यावरून फिरली की शिवण सैल पडते, पानं निसटतात. ती पुन्हा शिवायची, वर पुठ्ठा चढवायचा, एवढीच डिंकताईंची नेमणूक. शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंत. पुस्तकांशी त्यांचा संबंध पाठीकडून, पोटाशी नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या.

त्या वाचायला लागल्या त्या नाइलाजाने. आठवड्यातून दोनदा एक निवृत्त मास्तर शाळेत येऊन कॅसेटवर पुस्तकं वाचून जात. ज्या वर्षी मी दहावीला होतो त्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर त्यांचा घसा गेला आणि डॉक्टरांनी त्यांना महिनाभर बोलायचंच नाही म्हणून बजावलं. आमचा इतिहास निम्मा राहिला होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, खोली-खोलीतून विचारत फिरल्या. ज्याला त्याला आपापले तास होते. शेवटी त्या जिन्याखाली पोचल्या.

"मला वाचता येतं," डिंकताई म्हणाल्या, "पण छान नाही येत."

"छान नको आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पूर्ण हवंय."

ती कॅसेट मी किती वेळा ऐकली याला गणती नाही. प्रत्येक अवघड नावापाशी त्या अडखळायच्या, "चुकलं, परत वाचते" म्हणायच्या आणि वाक्याच्या मुळापासून सुरुवात करायच्या. तहाच्या कलमांच्या मध्येच त्या म्हणाल्या, "इथं पान फाटलंय. थांबा, चिकटवते." टेप मध्ये थांबवता येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पुढची चार मिनिटं नुसती ब्रशची खसखस, डब्याचं झाकण आणि एकदा शिंक. आम्ही ती चार मिनिटंही मुकाट्याने ऐकायचो, कारण पुढे ढकलायला गेलं की हमखास जास्त पुढे जायचं. इतिहासात मला आयुष्यातले सर्वांत जास्त मार्क पडले.

मास्तरांचा घसा सुधारला, पण वय झालं होतं. ते परत आले नाहीत. डिंकताई मात्र वाचत राहिल्या. सकाळी बांधणी, दुपारी दोन तास वाचन, असं सव्वीस वर्षं चाललं. कादंबऱ्या, विज्ञान, नकाशे, बागकाम, कायद्याची ओळख, मुलांच्या गोष्टी. त्या चित्रंसुद्धा वाचायच्या. "इथं एक चित्र आहे. माणूस खुर्चीवर बसलाय. खुर्चीचा चौथा पाय काढायचा चित्रकार विसरलाय, पण माणूस पडत नाहीये." असल्या गोष्टी आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितल्या नव्हत्या. निवृत्त होईपर्यंत त्यांची चारशे बारा पुस्तकं वाचून झाली होती. शेवटची दोन-तीन वर्षं त्यांनी सगळ्या कॅसेटी एक-एक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. मग त्या कॅसेटींना बुरशी धरली आणि शाळेने त्या टाकून दिल्या.

त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षभरात आमची शाळा दुसऱ्या गावातल्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. त्यात वाईट असं काही नव्हतं. तिकडे वसतिगृह चांगलं होतं, शिक्षक जास्त होते. ध्वनिपुस्तकंही होती, शिकलेल्या आवाजातली, अगदी गुळगुळीत. आपली खोकत खोकत वाचलेली पुस्तकं तिकडे कुणाला हवी असणार, असं डिंकताईंनीच ठरवून टाकलं. पण तेव्हाच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं, आणि चारशे बारा पुस्तकांची डिस्क आणि रेकॉर्डिंगच्या खोलीतला छोटा लॅपटॉप, दोन्ही वस्तू रीतसर कागद करून त्यांच्या स्वाधीन केल्या. "तुमच्या आहेत, तुमच्याकडे राहू द्या," एवढंच म्हणाल्या.

तो लॅपटॉप म्हणजे वहीएवढं यंत्र. चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. डिंकताईंचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणतो, बसचे निवृत्त ड्रायव्हर. ते म्हणायचे, हा चालू करायचा आणि आंघोळीला जायचं, येईपर्यंत होतो.

आता झालं असं, की शाळा गेली पण शाळेची मुलं कुठे जाणार? आम्ही सगळीकडे पांगलो होतो, तिशी-चाळिशीला आलो होतो. मी एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. कुणी मसाज करतं, कुणी वाद्यं दुरुस्त करतं, कुणी वकील झालंय. कुणाला परीक्षेसाठी एखादं पुस्तक हवं असायचं, कुणाला नुसतीच हुक्की यायची, आणि मग डिंकताईंच्या घरचा फोन वाजायचा. ताई काय करायच्या, तर लॅपटॉप लावायच्या आणि फोन त्याच्या स्पीकरला टेकवून धरून बसायच्या. तासन्‌तास. हात अवघडला की काका धरायचे. एकदा मीच बागकामाचं एक प्रकरण असं ऐकलं, आणि शेवटी पलीकडून काकांचा आवाज आला, "झालं का रे? माझा खांदा गेला."

मला लाज वाटली. मी पोपटला फोन केला.

पोपट माझ्याच वर्गातला. शाळेत सगळ्यांच्या नकला करायचा म्हणून पोपट. तो आता लांब एका शहरात कॉम्प्युटर कंपनीत काम करतो. पडद्यावरचं सगळं त्याला एक आवाज वाचून दाखवतो, आणि तो इतक्या वेगाने ऐकतो की बाजूच्याला नुसती माशी घोंघावल्यासारखं वाटतं. त्याला मी हकिकत सांगितली. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, तो जुना लॅपटॉप टाकून देऊ नका, तोच कामाला लावू. त्याने मला नीट समजावलं. त्या यंत्रावर चित्रं नाचवणारी जड व्यवस्था कशाला हवी? ती पुसून टाकायची आणि नुसत्या अक्षरांवर चालणारी हलकी व्यवस्था घालायची. मग ते कोपऱ्यात रात्रंदिवस चालू राहील, एका लहान दिव्याइतकी वीज घेईल, आणि ज्याला आपण परवानगी देऊ तो आपल्या फोनवरून थेट तिथलं पुस्तक मागून घेईल. याला घरचा सर्व्हर म्हणतात.

मी हे डिंकताईंच्या घरी जाऊन सांगितलं. ताईंना काडीचंही कळलं नाही. काकांना मात्र लगेच कळलं.

"म्हणजे हा आपला डेपो," ते म्हणाले. "गाड्या इथून सुटणार. प्रवासी आपापल्या थांब्यावर उभे राहणार. तुला आता हातात धरून कुणाला पोचवायला नको."

एका रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. डिंकताईंचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. जेवणाचं टेबल भिंतीला टेकलेलं, त्यावर मेणकापड, त्याला एका जागी इस्त्रीचा चटका लागून खडबडीत झालेलं. त्या खडबडीत जागेवर मी हात ठेवून बसलो होतो, कारण लॅपटॉप तिथेच डावीकडे होता. मी तो उचलून चाचपला आणि मला खालून त्याचं पोट फुगलेलं लागलं. ताईंना ते कधी दिसलं नव्हतं. टेबलावर ठेवलेल्या वस्तूचं पोट कोण बघतं? मी पोपटला फोनवर सांगितलं, तो गंभीर झाला. बॅटरी फुगली आहे, आधी ती बाहेर काढा, भोसकू नका, दाबू नका. काकांनी स्क्रू काढून ती अलगद उचलली आणि बाहेर गॅलरीत, रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी जुन्या बॅटऱ्या जमा करतात तिथे स्वतः जाऊन देऊन आले. यंत्र आता नुसत्या वायरवर चालणार होतं.

मग पोपट फोनवर, मी फोन धरून, आणि डिंकताई पडद्यासमोर. आम्ही दोघं न बघणारे, तिसऱ्या बघणाऱ्या, पण त्यांना त्यातलं ओ की ठो माहीत नाही. पोपट म्हणाला, "ताई, तुम्हाला काही समजलं पाहिजे असं नाही. तुम्ही फक्त वाचा. आम्हाला वाचून दाखवायच्या तसं."

आणि त्या वाचायला लागल्या. "निळा पडदा आहे. मध्ये राखाडी चौकट. वर एक ओळ आहे, इंग्रजीत, थांबा, अक्षरं सांगते." अक्षर-अक्षर करून त्यांनी ओळ सांगितली. "खाली दोन शब्द आहेत. डावीकडच्यावर लाल पट्टी आहे." पोपट सांगायचा, हे बटण दोनदा, ते एकदा. त्या करायच्या आणि पुन्हा वाचायच्या. मध्ये कुठे चुकलं की, "चुकलं, परत वाचते." फोनच्या पलीकडे पोपट एकदम गप्प झाला. मी विचारलं, लाइन गेली का रे? तो म्हणाला, नाही, आहे. चालू द्या.

एका जागी यंत्राने विचारलं, की या आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? ताईंचा हात थांबला. पुस्तकांची डिस्क वेगळी होती, ती आम्ही काढून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती. तरीही त्या उठल्या, खण उघडून डिस्क हातात धरून बघितली, परत ठेवली, आणि मग येऊन बटण दाबलं.

पुढे परवलीचा शब्द टाकायची वेळ आली आणि ताई घाबरल्या. त्या बटणं दाबत होत्या, पण पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण यंत्र मोडलं. पोपट म्हणाला, ते तसंच असतं, तिथे अक्षरं दिसतच नाहीत, मुद्दाम. "मग माणसाने काय टाकलं ते त्याला कळणार कसं?" ताईंनी विचारलं. "आमचं रोज असंच चालतं, ताई," पोपट म्हणाला. ताई हसल्या आणि त्यांनी तो शब्द नीट टाकला.

शेवटी यंत्राला नाव द्यायचं होतं. पोपट म्हणाला, काहीही द्या. ताईंनी फार विचार केला नाही. पुस्तकं कशात ठेवतात? म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कपाट. पण मध्ये एकच 'ए' टाकला. संध्याकाळी पोपटच्या कॉम्प्युटरवरच्या आवाजाने ते नाव खणखणीत वाचलं: कपट. ते बदलायचं राहिलं ते राहिलंच. आजही आमच्यात कुणी कुणाला विचारतं, "कपटावर नवीन काही आलं का?" आणि शेजारी बसलेला माणूस दचकतो.

आम्ही पुस्तकांची डिस्क यंत्राला परत जोडली आणि पोपटने दुरूनच बाकीचं काम केलं. बाहेरच्या जगाला न दिसणारी, फक्त आमच्यापुरती एक खाजगी वाट काढली; शाळेच्या मुलांनाच तिची किल्ली मिळेल असं केलं. पहिल्या आठवड्यात मात्र पुस्तकं सारखी मध्येच बंद पडायची. पोपट दोन दिवस डोकं खाजवत होता. शेवटी कळलं, धूळ बसू नये म्हणून काका येता-जाता लॅपटॉपचं झाकण मिटत होते, आणि झाकण मिटलं की यंत्र झोपी जात होतं. पोपटने त्याला झाकण मिटलं तरी जागं राहायला शिकवलं. काकांनी मग फळ्यांची एक उघडी मांडणी करून दिली, मागे हवा खेळायला भोकं पाडून, आणि कपाट तिथे स्थिरावलं.

पहिल्यांदा ते चाललं त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या गच्चीच्या जिन्यात बसलो होतो. कानात भूगोल लावला. तिसरं प्रकरण, नद्या. मी ताईंना फोन करून सांगितलं, मी तुमचा आवाज ऐकतोय, आणि तुम्ही फोन धरलेला नाहीये.

"नद्यांचं?" त्या म्हणाल्या. "त्यात मला फार खोकला झाला होता."

आहे, म्हटलं, सगळा आहे.

त्यांनी पोपटला विचारलंही, की आता कॉम्प्युटरवर आहे तर खोकले काढून टाकता येतील का. येतील, तो म्हणाला, पण आधी मुलांना विचारू. एकानेही होकार दिला नाही. मसाज करणारी, शाळेत सगळ्यांची मोठी बहीण असलेली एक जण म्हणाली, खोकला काढलात तर मला वाटेल दुसरंच कुणी वाचतंय.

चार वर्षं हे असं सुरळीत चाललं. ऐकणारे त्रेसष्ट झाले. ताई सकाळी उठल्या की आधी यंत्रावर हात ठेवून बघायच्या, गरम किती आहे ते.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. पोपटने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की डिस्क आज ना उद्या बिघडते, म्हणून प्रत्येक पुस्तकाची दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. ती जबाबदारी मी घेतली होती. मी आपणहून म्हटलं होतं, माझ्याकडे ठेवतो. डिस्क आणली, पहिली चाळीस पुस्तकं उतरवली, मग घरात पाहुणे आले, मग नोकरीत पाळ्या बदलल्या, मग उद्या करू, मग पुढच्या रविवारी. ताईंना वाटत होतं सगळं माझ्याकडे आहे. आल्या-गेल्या चार जणांना तसं सांगायच्याही: एक संच त्याच्याकडे आहे, तो फार जबाबदार मुलगा आहे.

एका मंगळवारी सकाळी पुस्तक ऐकताना माझ्या कानातला आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. मी वाट बघितली. मग ताईंना फोन लावला. काकांनी उचलला. ते म्हणाले, त्या पुस्तकांच्या डिस्कमधून टकटक येतेय, बेअरिंग गेल्यासारखी. पोपट म्हणाला, ताबडतोब बंद करा. ती बंद केली. नंतर एका जाणकाराकडे पाठवून बघितली, पण आतला पत्राच खरवडला गेला होता. काही हाती लागलं नाही.

मी त्या संध्याकाळी कामावरून सरळ त्यांच्याकडे गेलो. ताईंनी दार उघडलं, चहा ठेवला. मी कप हातात घेतला नाही. म्हटलं, "ताई, दुसरी प्रत माझ्याकडे पूर्ण नाही. मी केलीच नाही."



"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

काका उठून गॅलरीत गेले. ताई म्हणाल्या, "चहा घे, गार होतोय." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि रोजच्यासारखंच सांगितलं, तिसऱ्या पायरीची कड तुटली आहे, जपून.

मी घरी पोचून पोपटला फोन केला आणि स्वतःला बरंच बोलून घेतलं. त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, तुझं झालं असेल तर एक ऐक. पुस्तक ऐकताना ते ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये उतरतं. पुष्कळ जण ते पुसत नाहीत. आणि पुस्तकांची यादी डिस्कवर नव्हती, ती लॅपटॉपच्या स्वतःच्या पोटात आहे, शाबूत. म्हणजे काय हरवलंय ते आपल्याला नेमकं माहीत आहे. आता घरोघर विचारायचं.

माणसांना फोन लावून देणं हा माझा धंदाच. नऊ दिवस लागले. दुपारच्या सुट्टीत, पाळी सुरू व्हायच्या आधी, बसची वाट बघताना, त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना मी फोन केले आणि प्रत्येकाला आधी माझी चूक सांगितली, मग मागणं सांगितलं. कुणी टोचून बोललं नाही असं नाही. वकीलबुवांनी मला दहा मिनिटं सुनावलं, आणि अकराव्या मिनिटाला कायद्याची सगळी पुस्तकं पाठवून दिली. मसाजवाल्या बहिणीकडे एकाहत्तर कादंबऱ्या निघाल्या. वाद्यं लावणाऱ्याकडे झाडून सगळं विज्ञान होतं. त्याला ते कळत नाही, पण ऐकताना हात स्थिर राहतो म्हणाला. ब्रश बनवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकीकडे एकच पुस्तक होतं, मुलांच्या गोष्टींचं. पण ते तिने तीन ठिकाणी जपून ठेवलं होतं. मी विचारलं, तीन ठिकाणी कशाला? ती म्हणाली, "एखादा फोन हरवला तर?"

पुस्तकं येत गेली तशी पोपट ती नव्या डिस्कवर लावत गेला आणि ताई यादी घेऊन बसल्या. आलेल्या प्रत्येक नावापुढे त्या खूण करायच्या आणि कुणाकडून आलं ते लिहायच्या. दहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांनी मला यादी वाचून दाखवली. पुस्तकाचं नाव, मग माणसाचं नाव. पुस्तकाचं नाव, मग माणसाचं नाव. पहिलीतल्या हजेरीपासून ओळखत असलेली सगळी नावं. माझी चाळीसही त्यात होती. पुढे माझं नाव लिहिलेलं. नंतर त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही ऐकता आणि सोडून देता. पास झाला की संपलं. इतकं कुणी ठेवलं असेल असं मनातसुद्धा नव्हतं माझ्या."

मी त्यांची माफी मागितली, तेव्हा नीट मागितली. त्या म्हणाल्या, तू बिघडवलं नसतंस तर मला हे कळलंच नसतं, पण म्हणून पुन्हा बिघडवू नकोस. काका बाजूने म्हणाले, आता दर रविवारी मीच फोन करून विचारणार, गाडी सुटली का म्हणून. आणि खरोखरच विचारतात. आता दोन प्रती दोन घरांत आपोआप होतात. तरी मी रविवारी सकाळी उघडून, मोजून, दोन-तीन पुस्तकं लावून बघतो. एक रविवार चुकलेला नाही.

चारशे बारापैकी तीनशे एक्क्याऐंशी परत आली. एकतीस कुणाकडेच पूर्ण सापडली नाहीत. ती ताई पुन्हा वाचतायत. वय सहासष्ट, चष्मा जाड झालाय, दम लागतो म्हणून एका बैठकीत एकच प्रकरण. पूल कसे बांधतात यावरचं एक पुस्तक अर्धंच परत आलं. पहिली सहा प्रकरणं जुन्या आवाजात आहेत, चाळिशीतल्या. सातव्यापासून आताचा आवाज. सातव्याच्या सुरुवातीला त्या सांगतात, "इथून पुढे आवाज म्हातारा झालाय. गोष्ट तीच आहे." वाद्यं लावणाऱ्याने हा सांधा दहा वेळा ऐकला आणि मला फोन केला. म्हणाला, "मला आत्ता कळलं आपणही किती मोठे झालो."

परवा त्या एकतीसांतलं एकोणिसावं पुस्तक पूर्ण झालं. विसावं मुलांच्या नाटुकल्यांचं आहे, आणि त्यात राजाचं काम काका करणार आहेत. ड्रायव्हरकीत सगळं आयुष्य हॉर्न वाजवून बोलल्यामुळे त्यांचा राजा सारखा ओरडतो, अशी ताईंची तक्रार आहे. तालीम चालू आहे. रविवारी मोजायला बसेन तेव्हा ते कपटावर आलेलं असेल.